धरणारा

शर्यतीच्या फोटोंत मी कुठेच नाही.
सुटण्याआधीच्या एका फोटोत आहे, तोही अर्धा:
एक कोपर, आणि सीटच्या मागे पंजा.
ट्रॅकच्या सायकलला स्टँड नसतो, घंटी नसते,
ब्रेकसुद्धा नसतो.
पिस्तूल वाजेपर्यंत तिला कुणीतरी उभं धरावं लागतं.
नियम एकच. धरायचं. ढकलायचं नाही.

बहिणीचं नाव मंदाकिनी, घरात मंदा.
नेहरू स्टेडियमवर पोरं ओरडत, "मंदा, थोड़ा तेज़!"
तिसऱ्या फेरीत ती त्यांना मागून गाठायची,
मग ओरडायला दम कुणाकडे उरायचा?
पेपरात छापून आलं: एम. टाकळकर प्रथम आया.
बाबांनी लाल पेन्सिलीनं 'आया' खोडून 'आई' केलं.
"माझं काय?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

नवा टायर लगेच चढवायचा नाही,
अंधारात पिकवायचा,
असं मिलच्या फाटकाजवळचे युसूफभाई सांगत.
आमचे गव्हाच्या कोठीमागे पिकत,
आढीतल्या आंब्यांना टेकून.
मे महिन्यात तिच्या चाकांना
लंगड्याचा वास यायचा.

पहाटे खंडवा रोड. पुढे दुधाचा टेम्पो,
त्याच्या आडोशाला, वीतभर मागे, ती.
बाबांच्या जड सायकलीवर मी
भंवरकुव्यापर्यंत टिकायचो.
सिमरोलचा घाट चढून ती परत येई तेव्हा
मी तिथेच, चहाच्या दुसऱ्या ग्लासावर.
"किती?" ती विचारी.
घड्याळ माझ्याकडे असे.
मी दोन मिनिटं कमी सांगायचो
आणि तिला ते कळायचं.

महूच्या रोड रेसमध्ये दीड मिनिट पुढे होती.
राऊचं फाटक पडलं.
एक पाय जमिनीवर, एक पेडलवर,
ती डबे मोजत राहिली. मालगाडी. एकतीस.
एकतिसाव्याला मागचा सगळा घोळका
तिच्या खांद्याशी येऊन धापा टाकत होता.
चौथी आली.
पुढे त्याच रेल्वेनं नोकरी दिली, स्पोर्ट्स कोट्यातून:
चौतीस वर्षं रिझर्वेशनची खिडकी,
आणि रांगेतल्या एकालाही माहीत नाही
की आत बसलेल्या बाईचे पाय
टेबलाखाली फिरतायत.

लुधियाना राहिलं सांगायचं.
सांगायचं टाळतच आलोय म्हणा.
त्र्याऐंशी, सिमेंटचा ट्रॅक, तीन हजार मीटर,
समोरच्या बाजूला पंजाबची मुलगी.
माझ्या पंजाखाली मंदाचा श्वास
वर, खाली, वर, आणि थांबला.
पिस्तूल.
मी सोडलं.
खोटं. मी सोडलं नाही, दिलं.
बोटभर. चिमूटभर.
जेवढं आई ताटात जास्तीचं वाढते तेवढंच.
पंचाचं लाल निशाण वर.
पुन्हा स्टार्ट. पहिल्या सुटण्यातच
पायातलं जे जायचं ते गेलं होतं.
पाव सेकंद.
एवढ्यात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.

परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला,
पराठ्याचे दोन भाग केले,
मोठा मला दिला.
तेव्हापासून आजपर्यंत त्यावर शब्द नाही.
मी वाट पाहायचो.
भाऊबिजेला, तिच्या निरोप समारंभाला,
बाबा गेले त्या रात्री.

यंदा गुडघा बदलला. उजवा.
पलासियाच्या फिजिओथेरपीत एक सायकल आहे,
चाकं नसलेली, भिंतीकडे तोंड केलेली.
पोरगेला डॉक्टर म्हणाला,
"आंटी, दस मिनट, धीरे-धीरे.
पहले कभी चलाई है?"
ती "थोडी-बहुत" म्हणाली आणि चढली.

पहिलं पेडल वरच्या टोकाशी अडलं.
गुडघा वळेना.
माझा हात कधी सीटमागे गेला
मला कळलं नाही.

मंदानं मागे पाहिलं नाही.
मान खाली, कोपरं आत,
तशीच, सुटण्याआधीसारखी.
"ढकलू नकोस हं," म्हणाली.

हसली की नाही, मागून दिसत नव्हतं.
पेडल खाली गेलं.